मॉरिशसच्या अंतर्भागातील एक दिवस: छोट्या गटाची सहल कशी आखावी

मॉरिशसला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक समुद्रकिनाऱ्यावरच रमतात. पण भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच स्रोताने पुढे फार उशिरा, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, हे बेट घडवले, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाने म्हणूनच एक पूर्ण दिवस बेटाच्या मध्यभागासाठी राखून ठेवावा.

गट सहा ते आठ जणांचा असावा. नैऋत्येकडील शामारेल गावाचा घाट वळणावळणाचा आहे, त्यामुळे तिथे छोटी गाडीच सोयीची पडते. शिवाय मार्गदर्शकाचे बोलणे सर्वांना ऐकू येते. नोंदणी करण्यापूर्वी प्रवेशशुल्क, जेवण आणि हॉटेलपासूनची ने-आण रकमेत धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. शाकाहारी असल्यास तेही तेव्हाच कळवावे. वाटेत गरम धल पुरी मिळाली तर ती अवश्य खावी, कारण डाळीचे सारण भरलेली ही पातळ पोळी आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

किनाऱ्यावर ऊन असले तरी मधल्या पठारावर गारवा आणि पाऊस असतो, म्हणून रेनकोट व न घसरणारे बूट सोबत ठेवावेत. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ टाळून मे ते ऑक्टोबरमध्ये जाणे चांगले.

सकाळी लवकर निघून आधी क्युरपीप शहराजवळचे त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे विवर गाठावे. ढग उतरण्यापूर्वी त्याच्या काठावरून भोवतालचे डोंगर दिसतात, तर विवराचा उतार आता दाट झाडीने झाकलेला आहे. तिथून गंगा तलावाकडे जावे. हा तलावही ज्वालामुखीच्या विवरातच साठलेला असून, प्रवेशाजवळची शिवमूर्ती ३३ मीटर उंच आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास बेटभरातून भाविक इथे पायी येतात आणि रस्ते भरून जातात, तेव्हा त्या दिवसांत ही सहल ठेवू नये. पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या कठड्यावरून खोल दरी पाहावी. माकडे असल्यामुळे खाऊ पिशवीत बंद ठेवावा.

शामारेलला मात्र घाई करू नये. आधी धबधबा पाहून मग सप्तरंगी मातीकडे वळावे. बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा पाषाण, पावसाने आणि उष्णतेने झिजत गेला, त्यातले विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. त्यातूनच तांबूस, तपकिरी, जांभळट असे पट्टे दिसतात. कुंपणाबाहेर उभे राहूनच ते पाहायचे असतात आणि ऊन पडले की रंग अधिक उठून दिसतात. कोकणातला जांभाही अशाच झिजेतून तयार झाला आहे. या बेटावरच्या अनेक मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात त्याच कोकणातून मजूर म्हणून आले होते. आपल्या मोबाइलमध्ये जांभ्याच्या एखाद्या चिरेखाणीचे छायाचित्र असेल, तर ते मार्गदर्शकाला जरूर दाखवावे आणि दोन्ही मातींबद्दल त्याच्याशी निवांत बोलावे.