एनएमएमएस : मुलाला येतं, मग गुण जातात कुठे? या चुका टाळा

आठवीच्या एनएमएमएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचा, निकाल लागला की शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘आमचे इतके विद्यार्थी पात्र’ असे फलक फिरू लागतात. निवडयादी येते तेव्हा त्यातली पुष्कळ नावं तिथे नसतात. मग ‘पेपर अवघड होता’, ‘नशीब नव्हतं’, ‘आमच्या मुलांना बुद्धिमत्ता जमत नाही’ अशी कारणं सुरू होतात. आठवीच्या वर्गातल्या मुलांच्या उत्तरपत्रिका एकेक करून पाहिल्या तर वेगळंच दिसतं. हुशार मुलाचे बरेचसे गुण त्याला न येणाऱ्या प्रश्नांत जात नाहीत. येणाऱ्या प्रश्नांत जातात, आणि दर सरावात त्याच पद्धतीने जातात. म्हणून आणखी एक गाईड घेण्याआधी पुढच्या चुका तपासा.

बहात्तरवर समाधान मानणं

महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर असतात : बौद्धिक क्षमता चाचणी, म्हणजे मुलं जिला ‘मॅट’ म्हणतात ती, आणि शालेय क्षमता चाचणी, म्हणजे ‘सॅट’. दोन्हींत ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. एकत्रित ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण मिळाले की मूल पात्र. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही अट ३२ टक्के आहे.

पात्र म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. राज्याच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. त्या जिल्ह्यांत वाटल्या जातात आणि पुढे प्रवर्गनिहाय गुणानुक्रमे भरतात. त्यामुळे मुलाची स्पर्धा ७२ या आकड्याशी नसून आपल्या जिल्ह्यातल्या, आपल्या प्रवर्गातल्या शेवटच्या निवड झालेल्या मुलाशी असते. सरावाचं लक्ष्य ठरवायचं तर तिथून. आधीच्या निवडयाद्या बघा, आपल्या तालुक्यात ज्यांची निवड झाली त्यांना गुण विचारा. ‘पंचाऐंशी पडले, झालाच पास’ म्हणून पाठ थोपटली की मूल तिथेच थांबतं.

मॅट वर्षभर, सॅट शेवटच्या महिन्यात

जादा तासाला काय घेतात? मालिका, समसंबंध, सांकेतिक भाषा, दिशा, आरशातली प्रतिमा. मुलांना कोडी आवडतात, शिकवायलाही मजा येते. सॅट मात्र ‘वर्गात होतंच आहे की’ म्हणून बाजूला राहते.

सॅटची वाटणी एकदा फळ्यावर लिहून पाहा. विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. समाजशास्त्रात इतिहास १५, भूगोल १५, नागरिकशास्त्र ५. म्हणजे इतिहास-भूगोलाचे मिळून गणितापेक्षा जास्त गुण आहेत, आणि जादा तास बहुतेक वेळा गणिताचेच असतात. हे उलटं आहे. गणितातला कच्चा मुलगा तीन महिन्यांत पक्का होईलच असं नाही. भूगोलाचा धडा नीट वाचलेल्या मुलाला त्यावरच्या प्रश्नाचे गुण मात्र बहुधा मिळतात.

आणखी एक अडचण फार साधी आहे. अभ्यासक्रम सातवी आणि आठवीचा असतो. सातवीची पुस्तकं बऱ्याच शाळांत वर्ष संपताना परत घेतात, पुढच्या मुलांना देण्यासाठी. आठवीतल्या मुलाच्या हातात निम्म्या अभ्यासक्रमाचं पुस्तकच नसतं, असतं ते कोणत्या तरी गाईडमधलं सारांशाचं पान. शाळेने सातवीचे दोन-चार संच वर्गात ठेवावेत. घरी मोबाइल असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तक फुकट उतरवता येतं. परीक्षा साधारण डिसेंबरात होते, तेव्हा आठवीचं पुस्तक अर्धवट असतं. सातवीचं तरी पूर्ण हाताशी असू द्या.

पेपरांचा रतीब

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. दर शनिवारी एक पेपर, सोमवारी गुण, गुणांची यादी भिंतीवर. दिवाळीपर्यंत ढीग साचतो आणि मुलगा ऑगस्टात होता तिथेच असतो, कारण पेपरावर लाल शाईत ‘६१’ लिहिण्याने त्याला काहीच कळत नाही.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलाला स्वतःलाच एक अक्षर लिहायला सांगा. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं. ‘घ’ म्हणजे येत होतं, घाईत गेलं. ‘व’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. ‘ग’ म्हणजे उत्तर बरोबर काढलं, पण उत्तरपत्रिकेवर पर्यायाचा गोळा भलताच रंगवला. तीन-चार पेपर झाले की अक्षरं मोजा. ‘व’ जास्त असतील तर नवा धडा शिकवून काही उपयोग नाही. त्या मुलाला प्रश्नातल्या ‘नाही’, ‘चुकीचे’, ‘न बसणारे’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा. ‘न’ जास्त असतील तरच पुस्तक उघडायचं.

चुकीचा पर्यायही वाचायला शिका. रांगेत राहुल पुढून बारावा आणि मागून अठरावा असेल तर रांगेत एकूण मुलं किती? उत्तर २९. ज्याने ३० लिहिलं त्याने राहुलला दोनदा मोजलं. ज्याने २८ लिहिलं त्याला काहीतरी वजा करायचं असतं एवढंच आठवलं, का ते नाही. दोघांना एकच सूत्र पुन्हा पाठ करायला लावलं तर दोघंही पुढच्या वेळी अडतील. पहिल्याला सात मुलांची रांग काढायला लावा, दुसऱ्याला तीच रांग काढून वजाबाकी का होते ते सांगायला लावा.

दिनदर्शिकेचंही तसंच. १ जानेवारी २०२४ ला सोमवार होता, तर १ जानेवारी २०२५ ला कोणता वार? मंगळवार लिहिणाऱ्याला रीत माहीत आहे, फक्त २०२४ लीप वर्ष आहे हे त्याने पाहिलं नाही. उत्तर बुधवार. गुरुवार-शुक्रवार लिहिणारा मात्र अंदाजाने मारतोय, त्याला सात दिवसांच्या चक्रापासून सुरुवात हवी. पर्याय तयार करणारा माणूस या चुका ओळखूनच पर्याय ठेवत असतो, आपण त्या ओळखू नयेत?

असा एक पेपर उकलायला दोन तास जातात. जाऊ द्यात. आठवड्याला एक न घेता महिन्याला दोनच पेपर घ्या, पण उकला.

गोळे शेवटी रंगवू

वहीवर सराव केलेलं मूल परीक्षेतही तेच करतं. आधी सगळे प्रश्न सोडवतं, शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरपत्रिकेला हात घालतं. नव्वद गोळे त्या वेळात नीट भरत नाहीत. त्यातून एक प्रश्न मध्येच सोडलेला असला की पुढची सगळी ओळ एकाने सरकते. हा दोष मुलाच्या अभ्यासाचा नाही आणि निकालात दिसतही नाही, फक्त गुण पडलेले दिसतात.

सरावात पहिल्या दिवसापासून छापील उत्तरपत्रिका वापरा, झेरॉक्स चालेल. पेन काळ्या किंवा निळ्या शाईचं बॉलपेन, कारण पेन्सिलीची सवय लागली की खोडायची सवयही लागते. एका पानावरचे प्रश्न झाले की तेवढे गोळे भरायचे आणि शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक ओठांनी म्हणून जुळवायचा. प्रश्नामागे एकच मिनिट असतं आणि गोळा रंगवणंही त्यातच. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जायचं, त्याची ओळ रिकामी ठेवायची.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तरीही उत्तरपत्रिका कोऱ्या ठेवणारी मुलं दर वर्षी असतात, कारण ‘येत नसेल तर लिहू नकोस’ हे आपणच घटक चाचणीत त्यांच्या डोक्यात भरलेलं असतं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक ओळीत एक गोळा रंगवायला सांगा.

मुलं निवडताना आणि अर्ज भरताना

पहिल्या पाच नंबरांची मुलं बसवायची, ही पद्धत सोडा. वर्गात मागे बसणारा, शुद्धलेखनात मार खाणारा एखादा मुलगा आकृत्यांचे प्रश्न झटक्यात सोडवतो. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५०) असले आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं की तो बसू शकतो. शाळा मात्र शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय इथल्या मुलांना ही परीक्षा नाही.

अर्जातलं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच असावं. प्रवर्ग भरताना लिपिकाने अंदाज करू नये, दाखला पाहावा. निवड प्रवर्गानुसार होते, त्यामुळे इथली चूक वीस गुणांच्या चुकीपेक्षा महाग पडते. अंतरिम उत्तरसूची आली की घरी आणलेल्या प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहा. आक्षेप ऑनलाइन नोंदवता येतो, आणि मुदत संपल्यावर कोणी ऐकत नाही.

निवड झाली, पैसे नाहीत

शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे ४८,००० होतात. पण ते आपोआप येत नाहीत. निवड झालेल्या मुलाने नववीत नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नवा अर्ज भरायचा असतो आणि पुढे दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं. आठवी जिल्हा परिषदेच्या शाळेत, नववी दुसऱ्या गावच्या हायस्कुलात, असं झालं की जुनी शाळा म्हणते आता तो आमचा नाही आणि नव्या शाळेला त्याच्या निवडीचा पत्ताच नसतो. दाखला देतानाच निवडयादीची प्रत पालकांच्या हातात द्या आणि नव्या मुख्याध्यापकांना फोन करा. बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा प्रवर्गातलं मूल पात्र ठरलं पण निवडयादीत आलं नाही, तर त्याच्यासाठी सारथीची, म्हणजे या समाजासाठीच्या सरकारी संस्थेची, छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ८०० रुपये. तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि तो शाळेमार्फत जातो.

दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५५) नसतील तर पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती जाते. शिष्यवृत्ती पुढे चालू राहावी म्हणून अकरावीला प्रवेश घेताना आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या : ती तुकडी अनुदानित आहे का. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असतात आणि प्रवेशाच्या खिडकीवर हे आपणहून कोणी सांगत नाही.