गुडघा लटपटतो? आधी कारण ओळखा, मग मांडी जागी करा

"ग्रीस संपलंय म्हणे." लटपटणारा गुडघा घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं, आणि तोवर महिनोन्‌महिने तेल चोळून झालेलं असतं. तेलानं बरं वाटतं, ताकद येत नाही. गुडघा सावरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू.

कारण ओळखा

खेळताना किंवा गाडीवरून पडताना पाय मुरगळला, काही तासांत गुडघा टम्म सुजला आणि आता वळताना तो सुटतो, तर लिगामेंटची, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोरांची, तपासणी हवी. मधेच अडकून सरळ होत नसेल, तर गुडघ्यातली गादी फाटलेली असू शकते. पन्नाशीनंतर जिना उतरताना दुखून दगा देणारा गुडघा बहुतेकदा झिजेचा असतो.

काही कारणं गुडघ्यात नसतातच. कमरेतली नस दबली की मांडी बारीक होते, गुडघा फारसा दुखतही नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर जमिनीवरून उठताना दोन्ही मांड्या साथ देत नाहीत. नागपुरात ऊन भरपूर, पण ते अंगावर घेतो कोण? अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जात असेल, तर बी-१२ आणि साखर तपासा. शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप, पायातली ताकद अचानक गेली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम बाजूला ठेवा. मेडिकल, मेयो, नागपुरातलं जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे त्याच दिवशी जा.

मांड्या मोजा

गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर दोन्हीकडे टेप लावा. दुखऱ्या बाजूला दोनेक सेंटिमीटर कमी भरली, तर स्नायू आटलाय.

मांडी जागी करा

सगळे अडतात ते इथेच. माझ्या स्वतःच्या गुडघ्याला इजा झाली तेव्हा मलाही या टप्प्यानं सगळ्यांत जास्त रडवलं. सुजलेला सांधा मांडीच्या स्नायूला आतूनच बंद करतो. तुम्ही जीव तोडून जोर लावता आणि मांडी हलत नाही. हा आळस नाही, म्हणून घरच्यांनी "जोर लाव ना" म्हणून ओरडू नये.

आधी सूज उतरवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. सुजलेल्या गुडघ्याला शेक देऊ नका, कोणीही सांगितलं तरी. पायाला बधिरपणा असेल तर बर्फही नको.

मग पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्यानं तो खाली दाबा. दोन बोटं वाटीच्या वर, आतल्या बाजूला ठेवा. तिथे मांस टणक झालं पाहिजे आणि वाटी मांडीकडे सरकली पाहिजे. ती सरकत नसेल आणि नुसतं कुल्लं आवळलं जात असेल, तर तो व्यायाम झालाच नाही. अशा शंभर वेळांपेक्षा नीट झालेल्या पाच बऱ्या. जमत नसेल तर आधी चांगल्या पायानं करा, बोटांना ती हालचाल कळू द्या, मग दोन्ही पाय एकत्र दाबा. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, मोठ्यानं आकडे मोजा.

आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. खूप आराम वाटतो, पण गुडघा वाकडाच राहायला शिकतो आणि पूर्ण सरळ होणं हातचं जातं.

पुढे कधी जायचं? उताणं झोपून पाय सरळ उचला. उचलताना गुडघा जरासाही वाकला, तर अजून टॉवेलच.

उठबस आणि पायरी

उंच खुर्चीवरून हात न टेकता उठबस. ते सोपं झालं की जिन्याच्या खालच्या पायरीवर, कठडा धरून, एक पाय हळू खाली सोडणं. वरच्या पायाचा गुडघा आत पडू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा.

फिरायला आधी अंबाझरीची सपाट वाट. सेमिनरी हिल्सचा उतार शेवटी, कारण चढापेक्षा उतरताना गुडघ्याची खरी परीक्षा असते. नी कॅप घालायला हरकत नाही, पण ती व्यायामाची जागा घेत नाही. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा.