ओझोन लावण्याआधी: नागपुरातल्या रीफ टँकची तयारी

सगळ्यात आधी दोन पांढऱ्या बादल्या घ्या. एकीत रीफ टँकचं, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं, पाणी, दुसरीत ताजं कालवलेलं मिठाचं पाणी, आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात ठेवून वरून बघा. टँकचं पाणी फिक्या चहासारखं पिवळट दिसलं तरच पुढचं वाचा. तेव्हासुद्धा आधी नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून पंधरा दिवस थांबा, बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. ओझोन हे पिवळेपण तोडतो, पाणी काचेसारखं करतो. नायट्रेट मात्र तो उतरवत नाही, आणि माशांवरचे पांढरे ठिपके घालवेल ही आशाही सोडा. तो स्किमरमध्ये, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणात, सोडतात आणि त्यातून जाईल तेवढ्याच पाण्यावर त्याचं काम चालतं.

ओझोनायझर, म्हणजे हवेतून ओझोन बनवणारं मशीन, किती मोठं घ्यायचं? लिटरमागे ताशी साधारण ०.१ मिलिग्रॅम धरा. म्हणजे ३०० लिटरच्या टँकला ३० मिलिग्रॅम झाले, ५० चं मशीन भरपूर होतं. दुकानदार २०० चं दाखवेल, नको म्हणा.

आपल्याकडे खरी तयारी लागते ती हवेची. ओझोनायझरमध्ये ओलसर हवा गेली की ओझोन कमी बनतो, आणि हवेतला नायट्रोजन व ओल मिळून नायट्रिक ॲसिड तयार होतं, ते मशीन आतून खातं. म्हणून एअर ड्रायर हवाच. पावसाळ्यात दमट हवा असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नवतप्यात बाहेर हवा कोरडीठाक असते म्हणून निर्धास्त राहू नका, कारण हॉलमध्ये कूलर सुरू असतो आणि मशीन ओढतं ती कूलरची हवा. पंपाची नळी शेजारच्या कोरड्या खोलीतून आणता आली तर आणा. ड्रायरमधले सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते संपले. मी ते एकदा मे महिन्यात गच्चीवर थाळीत वाळत घातले, वाटलं नागपूरचं ऊन आहे, होईल काम. दिवसभरात रंग काही पुरता परतला नाही. त्यांना १२० अंशांच्या आसपास दोनेक तास ओव्हनची धग लागते, आणि तो ओव्हन स्वयंपाकाचा नसावा. दाण्यांचा दुसरा संच तयार ठेवा.

नळी सिलिकॉनचीच लावा. साधी एअरलाइन ओझोनने कडक होते, रबर तडकतं. माझ्याकडे मशीनच्या तोंडाशी जिथे नळी वाकली होती, नेमकी तिथेच केसासारखी भेग पडली. सापडली ती आईमुळे. "कुठे वायर जळतेय का रे?" असं ती दोन दिवस विचारत होती. वीज कडाडल्यावर येतो तसा तो तिखट वास. कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेत दहा लाखांत ०.१ भाग ही मर्यादा धरतात, आणि नाकाला त्याच्या आधीच कळतं. म्हणून वास आला की मशीन बंद. घरात दम्याचं कोणी असेल तर माझं मत विचाराल तर लावूच नका.

कार्बन दोन ठिकाणी लागतो. एक स्किमरच्या कपातून बाहेर पडणाऱ्या हवेवर. दुसरा स्किमरमधून संपमध्ये (टँकच्या जोडटाकीत) येणाऱ्या पाण्यावर, कारण समुद्री पाण्यातल्या ब्रोमाइडशी ओझोनची क्रिया होऊन जे ब्रोमीन बनतं ते कोरलला चालत नाही.

ओआरपी प्रोब (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मिलिव्होल्टमध्ये मोजणारी कांडी) आठवडाभर आधीच बसवा, स्किमरच्या तोंडापासून लांब. कॅलिब्रेट करा आणि ओझोनशिवायचे आकडे सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. या आकड्यावरून ओझोनायझर चालू-बंद करणारा कंट्रोलर ३५० मिलिव्होल्टला लावा, ४०० च्या वर जाऊ देऊ नका. प्रोबवर शेवाळाचा थर बसला की आकडा खोटा येतो, म्हणून मऊ ब्रशने पुसत राहा.

लाइट गेली तर काय, हेही आधीच बघा. इन्व्हर्टरवर ओझोनायझर चालू आणि स्किमरचा पंप बंद, असं झालं तर ओझोन घरात साचतो. दोन्ही एकाच स्विचवर घ्या. मशीन पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पाणी उलटं मशीनमध्ये शिरेल.

सुरुवात रविवारी सकाळी करा, म्हणजे दिवसभर घरी असाल. नॉब ताशी ५ मिलिग्रॅमवर ठेवा, खिडक्या उघडा, आणि तासाभराने स्किमरच्या कपाशी नाक नेऊन बघा.