दुकान नागपूरच्या इतवारीत, गिऱ्हाईक मोबाइलवर
वेबसाइटचं नंतर पाहा, पहिले गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल सर्चवर अन् मॅपवर दुकानाची माहिती दाखवते ते) नीट भरा, फुकट आहे ते. (त्यातून मिळणारी फुकटातली वेबसाइट गूगलनं मार्च २०२४ मधे बंद केली, तिच्या भरोशावर राहू नका.) मॅपवरची पिन स्वतः चेक करा बाप्पा, आमची मागच्या गल्लीत पडली होती अन् लोकं तिथून फोन करून राहिले होते, दुकान कुठे आहे म्हणून. मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, ५०० आयटम बसतात, भाव लिहाच, "भावासाठी मेसेज करा" वाचलं की गिऱ्हाईक पुढे सरकते. रील? संत्रा बर्फी कापतानाची, १५ सेकंद, आवाज आपलाच. रिव्ह्यू बिल देतानाच मागा, रिव्ह्यूच्या लिंकचा क्यूआर गल्ल्यावर चिकटवा, अन् शिव्या घालणाऱ्यालाही उत्तर द्या.