रिमोटने लॉक केलं की लगेच उघडतं, जुन्या मारुती झेनमध्ये असं सुटलं

नाना पेठेतून आणलेलं रिमोट सेंट्रल लॉकिंगचं किट जुन्या झेनला बसवलं, तर बटण दाबलं की चारही दरवाजे खट्‌कन लॉक आणि लगेच परत अनलॉक. रिमोटचा सेल बदलला, फ्यूज बघितला, अर्थिंग उघड्या पत्र्याला घेतलं, फरक शून्य. जाम वैताग आला.

दोष निघाला ड्रायव्हरच्या दरवाज्यात. तिथली मोटर पाच वायरची असते, बहुतेक किटमध्ये निळी-हिरवी मोटरची आणि उरलेल्या तीन आतल्या स्विचच्या, बाकी दरवाज्यांना दोनच. मोटरचा रॉड तिरका ओढला जात होता म्हणून तो पूर्ण खाली जायचा नाही, स्विच अनलॉकवरच राहायचा आणि मॉड्यूल (किटचा कंट्रोल बॉक्स) सगळं उघडून टाकायचं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग ट्रिम, म्हणजे दरवाज्याचं आतलं पॅनल. दोन्ही रॉड जोडणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू ढिले करून मोटर गाडीच्या मूळ रॉडला समांतर आणा. दरवाज्याचा लॉक नॉब हाताने पूर्ण खाली दाबा, मोटरचा रॉडही त्याच टोकाला न्या आणि तसंच धरून स्क्रू आवळा, हे महत्त्वाचं. काच पूर्ण खाली घेऊन कुठे घासत नाही ना बघा, बॅटरी जोडून रिमोट तपासा, मगच ट्रिम लावा. एखादा दरवाजा उलटा चालला तर फक्त त्याच्याच निळी-हिरवीची अदलाबदल करा.