आधी मागचं बघा, मग पक्षी

पक्ष्यांचे फोटो नव्याने काढू लागलेली मंडळी मला पहिला प्रश्न लेन्सबद्दलच विचारतात. मी त्यांना सांगते, असेल तो कॅमेरा घेऊन आधी भिगवणला जा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. उजनी धरणाचं पाणी तिथे कुंभारगाव, डिकसळच्या काठांना लागतं. हिवाळा सरताना ते ओसरलं की मोठे चिखलपट्टे उघडे पडतात. पक्षी भरपूर, आणि त्यांच्या मागे येणाऱ्या गोष्टीही भरपूर: चिखल, पाणी, जाळी, पलीकडची शेतं, विजेचे खांब. यातलं काय चौकटीत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे ठरवायला शिकणं म्हणजेच निम्मी फोटोग्राफी, असं मी मानते.

होडीत उभं राहून शेकाट्याचा, म्हणजे चिखलात चरणाऱ्या त्या लांब पायांच्या पक्ष्याचा, फोटो घेतला, तर कॅमेरा खाली बघतो. पक्ष्यामागे मग दोन हातांवरचा चिखलच येतो, त्यातल्या प्रत्येक खड्ड्यासकट. आता बसा, पट्टा मनगटाला गुंडाळा आणि कॅमेरा होडीच्या काठावरून पाण्याजवळ न्या. फिरणारा स्क्रीन असेल तर तो वर वळवून बघा. मागचा चिखल निसटतो, दूरचा पलीकडचा काठ मागे येतो आणि त्याचा नुसता रंग उरतो. यासाठी महागडी लेन्स लागत नाही.

थोडं गणित सांगते, कारण ते कळल्यावर धडपड कमी होते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५०० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ५.६, पक्षी १० मीटरवर: पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १३ सेंटीमीटरचा. अंतर २० मीटर झालं की तोच पट्टा अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. म्हणजे जवळचा पक्षी आडवा उभा असेल तर चोचीपासून शेपटीपर्यंत नीट येतो. तोंड तुमच्याकडे असेल तर डोळा धरा, शेपूट सोडून द्या. आणि मागचा काठ खूप लांब असेल, तर एफ ८ वर जायला बिचकू नका; एफचा आकडा वाढला की स्पष्ट पट्टा रुंदावतो, पण तो काठ तरीही मऊच दिसेल.

रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा दिसला की सगळा चौकटीत कोंबायचा मोह होतो. त्यात माना मानांवर आणि पाय पायांवर चढतात. माना सुट्या दिसणारे दोन-तीन पक्षी निवडा, त्यांचं प्रतिबिंब पाण्यात पुरतं मावू द्या आणि ते ज्या दिशेला बघतायत तिकडे जागा ठेवा. क्षितिजाची रेघ मानेतून जात असेल तर कॅमेरा थोडा वर किंवा खाली करा.

वाऱ्याकडे मात्र फार कमी जण लक्ष देतात. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. त्यामुळे सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील, म्हणजे पक्ष्यांची तोंडं तुमच्याकडे येतील, अशी जागा होडीवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा.

मऊ, रिकामी पार्श्वभूमी नेहमीच बरोबर असते असं मात्र नाही. पट्टकदंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो आणि इथे काठच्या हिरवळीत चरतो. त्याच्यामागचं शेत आणि त्यात वाकलेला माणूस पुसून टाकला, तर तो कुठे आलाय हेच फोटोतून जातं. असा फोटो मी मुद्दाम एफ ११ वर घेते.

उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायला सांगू नका. ‘दादा, उडवायचे नाहीत’ हे होडीत बसतानाच बोलून घ्या. चरणाऱ्या पक्ष्यांनी एकदम माना वर केल्या की होडी तिथेच थांबवा. आणि घरट्यासमोरची फांदी फोटोसाठी कधीही तोडू नका, कारण तिच्या आडोशानेच पिल्लं कावळ्यांच्या नजरेतून वाचतात.

सराव घराजवळही होतो. वेडा राघू माशी पकडून बहुधा त्याच फांदीवर परत येतो. तो उडाला की त्याच्यामागे धावू नका. रिकाम्या फांदीकडे बघत दोन पावलं डावी-उजवीकडे सरका, मागची तार नि खांब चौकटीबाहेर जाऊन सावलीतली झाडी येईपर्यंत. गडद झाडीपुढे उजळ पिसं पांढरी पडू शकतात, म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमी करा, फांदीवर फोकस लावा आणि तिथेच थांबा.