घसरगुंडीचा युक्तिवाद कसा तपासावा : अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादातून

"आज पार्श्वभूमी तपासणी, उद्या यादी, परवा जप्ती." अमेरिकेत बंदुकांवर दोन माणसं दहा मिनिटं बोलली की हे वाक्य येतंच. तपासणी म्हणजे बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याचा गुन्ह्यांचा इतिहास पाहणं, आणि यादी म्हणजे कुणाकडे कुठली बंदूक आहे याची सरकारी नोंद. समोरूनही तितक्याच हमखास उत्तर येतं, "आज विनापरवाना बंदूक बाळगू दिली, उद्या पार्किंगच्या जागेवरून गोळ्या झाडतील." पहिल्या पावलावर बोट ठेवायचं आणि भीती शेवटच्या पावलाची घालायची, हा घसरगुंडीचा युक्तिवाद. आपल्याला तो नवा नाही. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. दोन्ही म्हणी घसरगुंडीच्याच आहेत, पण त्या एकच गोष्ट सांगत नाहीत. त्यांच्यातला फरक पुढे कामाला येणार आहे.

मी टेक्सासमध्ये शाळकरी मुलांच्या वादविवाद स्पर्धांना पंच म्हणून बसते. मुलगी नववीत असताना पालक म्हणून बसले आणि ती कॉलेज संपवून नोकरीला लागली तरी माझे शनिवार तिथेच जातात. या मुलांना बाहेर एकच सल्ला मिळतो: घसरगुंडी हा तर्कदोष आहे, तसं म्हणा आणि पुढे जा. हा सल्ला चुकीचा आहे, आणि आळशीही. काही घसरगुंड्या खऱ्या असतात. कुठली खरी आणि कुठली खोटी हे तपासता येतं, फक्त त्यासाठी बसून काम करावं लागतं.

१. दोन्ही टोकं लिहून काढा

"हे कुठवर जाईल कुणास ठाऊक" हा युक्तिवाद होत नाही. पहिलं पाऊल नेमकं कोणतं आणि शेवटचं कोणतं, हे बोलणाऱ्याकडून वदवून घ्या.

२. मधल्या कड्या मोजा

कागद आडवा धरा आणि प्रत्येक कडीला एक रकाना द्या. स्पर्धेतली मुलं यालाच 'लिंक' म्हणतात. तीनपेक्षा कमी निघाल्या तर एखादी गाळली गेली आहे.

३. प्रत्येक कडीला विचारा: इथून पुढे ढकलतं कोण?

सगळं काम इथे आहे, आणि मी चुकले तेही इथेच.

२०१६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत विषय होता, अमेरिकेत खासगी हँडगनवर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर, बंदी असावी. विरोधी बाजूच्या एका मुलाने ब्रिटन मांडलं. १९८८ साली अर्धस्वयंचलित रायफली गेल्या. १९९७ साली .२२ पेक्षा मोठ्या (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत) हँडगन गेल्या. त्याच वर्षी, दुसऱ्या कायद्याने, .२२ च्याही गेल्या. मी निकालपत्रावर 'घसरगुंडी, तर्कदोष' एवढं लिहिलं आणि फेरी दुसऱ्या बाजूला दिली. नंतर तो मुलगा व्हरांड्यात मला गाठून उभा राहिला. हातात त्याचा तो पिवळा लांब कागद, त्यावर तीन कायदे आणि मध्ये दोन बाण. त्याने अगदी अदबीने विचारलं, "यातली कुठली कडी तुटली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तपासलंच नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला बसले. पहिल्या बाणाची गोष्ट अशी. १९८८ चा कायदा आला तो १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर. १९९७ चा पहिला कायदा आला तो डनब्लेनच्या शाळेत १३ मार्च १९९६ रोजी सोळा लहान मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यावर. १९८८ चा कायदा झालाच नसता तरीही डनब्लेननंतर हँडगनवर कायदा आला असता, असं मला ठामपणे वाटतं. म्हणजे इथे नुसता क्रम आहे. आधीच्या पावलाने पुढच्याला ढकललेलं नाही.

दुसरा बाण मात्र वेगळा. १९९७ च्या दोन कायद्यांमध्ये कुठलंही नवं हत्याकांड घडलेलं नव्हतं. पहिल्या कायद्याने बहुतेक हँडगन गेल्या होत्या, त्यामुळे सुटलेल्या .२२ च्या हँडगनच्या बाजूने बोलणारे थोडेच उरले. मे महिन्यात मजूर पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला आणि उरलेली सूट काढून टाकणं सोपं झालं. ही कडी खरी होती. पहिल्या पावलाने दुसऱ्याची वाट मोकळी केली. त्या मुलाचा एक बाण कच्चा होता आणि एक पक्का, आणि मी दोन्ही एकाच शब्दात खोडले होते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. 'आधी हे झालं, मग ते झालं' एवढ्यावर कडी मान्य करायची नाही, आणि 'तर्कदोष' एवढ्यावर ती खोडायचीही नाही. ढकलणारा हात दाखवा म्हणायचं.

हे हात बहुधा तीनच प्रकारचे असतात. कधी पहिलं पाऊल पुढचं स्वस्त करतं: यादी एकदा तयार झाली की जप्तीचा निम्मा खर्च वाचला. कधी लोकांची मनं बदलतात, काल अचाट वाटणारं आज चालून जातं. हाच काळ सोकावणं. आणि कधी विरोध करणाऱ्यांचं बळच घटतं. बंदूकवाले कमी झाले की त्यांची मतं कमी होतात, आणि ओसरीवरचा माणूस पाय पसरतो तो घरातलं कुणी हटकेनासं झाल्यावरच. यूजीन व्होलोख या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये अशा प्रकारांची सविस्तर मांडणी केली आहे. मला रोजच्या कामाला हे तीन पुरतात.

आता अमेरिकेतली सगळ्यात जास्त चालणारी साखळी घ्या: तपासणी, यादी, बंदी, जप्ती.

तपासणीतून यादी होते का? दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. तो दुकानदाराकडेच राहतो. एफबीआयकडे तपासणी होते, पण ज्याला मंजुरी मिळाली त्याची ओळख पटवणारी माहिती चोवीस तासांत नष्ट करावी लागते. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची यादी करायला मनाई आहे. दुकान बंद पडलं तर त्याची कागदं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, बंदुकांचा माग काढणाऱ्या सरकारी केंद्रात जातात, आणि तिथे मालकाच्या नावाने शोध घेता येत नाही. गुन्ह्यात बंदूक सापडली की तिथली माणसं आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानाला, आणि शेवटी फॉर्म शोधला जातो. एवढं वाचलं की कडी तुटलीच असं वाटतं.

घाई करू नका. खासगी विक्रीलाही तपासणी सक्तीची केली की एक खरी अडचण येते. मी माझी बंदूक शेजाऱ्याला तपासणी न करता विकली आणि पुढे ती त्याच्याकडे सापडली. हा व्यवहार कायदा आल्यानंतर झाला हे सिद्ध कसं करणार? आधी ती कुणाकडे होती याची नोंदच नाही. म्हणजे कायदा नीट राबवायचा तर यादीची गरज आतूनच निर्माण होते. २०१३ साली न्याय खात्याच्या संशोधन संस्थेतल्या एका टिपणातही हेच म्हटलं होतं. हा ढकलणारा हात आहे, आणि नियंत्रणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो नाकारू नये. त्यांनी दाखवावं ते हे: कोलोरॅडो राज्यात २०१३ साली खासगी विक्रीला तपासणी लागू झाली आणि दहा वर्षांनंतरही तिथे बंदुकांची यादी झालेली नव्हती. ओढ आहे, पण ती थोपवता येते. या कडीपुढे मी 'मध्यम' लिहिते.

यादीतून बंदी? न्यूयॉर्क शहराने १९६७ साली रायफली आणि शॉटगनची नोंदणी सक्तीची केली. १९९१ साली काही अर्धस्वयंचलित प्रकारांवर बंदी घातली, आणि नोंद असलेल्या मालकांना सांगितलं की बंदूक शहराबाहेर न्या, निकामी करा किंवा जमा करा. मधे चोवीस वर्षं गेली, पण पत्रं कुणाला पाठवायची हे त्या यादीमुळेच कळलं. याच्या बरोबर उलट कॅनडा. तिथे १९९५ च्या कायद्याने लांब बंदुकांची यादी आली आणि २०१२ साली ती मोडीत काढली गेली. पुढे २०२० साली नोव्हा स्कॉशियातल्या हत्याकांडानंतर सुमारे १,५०० मॉडेलांवर बंदी आली. लांब बंदुकांची यादी गेल्यानंतरच बंदी आली, म्हणजे बंदी यायला यादी लागतेच असं नाही. यादीमुळे जप्ती सोपी होते, बंदीची इच्छा निर्माण होत नाही. हा फरक लक्षात राहिला तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

उदाहरणं घेताना आणखी एक सांगते, कारण यात आपलं नाव येतं. अमेरिकेतले बंदूकवाले गांधीजींचं शस्त्र कायद्यावरचं वाक्य फार वापरतात, की एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा तो कायदा ब्रिटिश राजवटीच्या पापांत सर्वांत काळा ठरेल. वाक्य खरं आहे. पण ते १९१८ साली सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातलं आहे, आणि १८७८ चा तो कायदा मतदारच नसलेल्या लोकांवर परक्या सरकारने लादलेला होता. तिथे मतं घटण्याचा किंवा मनं सोकावण्याचा प्रश्नच येत नाही. त्या कायद्याचा राग आपल्या लोकांना होताच, आणि तो रास्तच होता. पण घसरगुंडीचं उदाहरण म्हणून ते चालत नाही.

४. ब्रेक कुठे आहे ते पाहा

ब्रेक वेगवेगळे असतात. अमेरिकेतल्या १९९४ च्या 'असॉल्ट वेपन' (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका) बंदीत दहा वर्षांची मुदतच लिहिलेली होती. सप्टेंबर २००४ मध्ये ती संपली आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, वाढवली नाही. घसरगुंडीवरून माणसं परत वर चढली, असं हे स्वच्छ उदाहरण आहे. निवडणूक हाही ब्रेक: १९९४ साली डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधिगृह गमावलं, आणि त्या पराभवात या बंदीचा हात होता हे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी स्वतः मान्य केलं. ब्रिटनमध्येसुद्धा १९९७ नंतर शॉटगन आणि शिकारीच्या रायफली परवान्यावर मिळतच राहिल्या.

सगळ्यात मोठा ब्रेक न्यायालयाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, म्हणजे साखळीची शेवटची कडीच न्यायालयाने अडवली. पण तो निकाल ५ विरुद्ध ४ असा होता. समोरचा म्हणेल, न्यायाधीश बदलतात. बरोबर म्हणेल. ब्रेक आहे, पण तो कायमचा आहे असं समजू नका.

५. हीच तपासणी आपल्या बाजूवर करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, म्हणून मी मुलांना ती सक्तीने करायला लावते. टेक्सासमध्ये १८७१ पासून हँडगन जवळ बाळगायला बंदी होती. १९९५ साली लपवून बाळगण्यासाठी परवाना देणारा कायदा झाला. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना ती उघडपणे बाळगता येऊ लागली, त्याच वर्षी १ ऑगस्टपासून विद्यापीठांच्या आवारातही, पण तिथे लपवूनच. १ सप्टेंबर २०२१ पासून परवानाच लागत नाही. परवान्याशिवाय बाळगू देणारी राज्यं २०२४ मध्ये २९ झाली. इथे ढकलणारे हात शोधले तर ते ठळक दिसतात. मनं सरावली, आणि परवानाधारकांची संख्या वाढली तशी त्यांची मतंही. घसरगुंडी एकाच दिशेला असते असं मानणाऱ्याने ही चार वर्षं शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

६. गुणाकार करा

चार कड्या असतील आणि प्रत्येक ८० टक्के खात्रीची असेल, तर सगळी साखळी ४१ टक्के. मात्र आकडे अंदाजाचेच असतात, त्यामुळे हा गुणाकार निकाल म्हणून कधीही सांगू नका. कुठली कडी सगळ्यात कच्ची आहे ते त्यातून कळतं, तेवढ्यापुरताच तो वापरा.

७. ब्रेक लिहून देऊ का, असं विचारा

२०१३ साली सिनेटपुढे आलेल्या तपासणी-विधेयकात स्पष्ट तरतूद होती की जो अधिकारी बंदुकांची यादी करेल त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद. ५४ विरुद्ध ४६ मतं पडली, ६० लागत होती, विधेयक पडलं. म्हणून समोरच्याला थेट विचारायचं, "यादीवर बंदी आणि तुरुंग, दोन्ही कायद्यात घातलं तर तपासणी चालेल का?" हो म्हणाला तर त्याची भीती घसरगुंडीचीच होती, आणि आता ब्रेक किती पक्का यावर बोला. नाही म्हणाला तर त्याचा आक्षेप पहिल्या पावलालाच आहे. मग यादी, जप्ती, ब्रिटन, सगळं बाजूला ठेवून त्या पावलावर बोला.

मागच्या हिवाळ्यात एका मुलीने उलटतपासणीच्या तीन मिनिटांत हाच प्रश्न विचारला. समोरची मुलगी शिकार करणाऱ्या घरातली होती. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "नाही, तरीही नको. आजोबांची रायफल मला मिळताना मधे सरकार कशाला?" त्यापुढची सगळी फेरी त्या दोघी आजोबा, नात आणि तपासणी यांवरच बोलल्या, आणि दोन बाजूंच्या नोंदींसाठीची माझी दोन्ही रंगांची पेनं शेवटपर्यंत चालू राहिली.